कुंकू नसलेला ब्लॉक

आमच्या यार्डात माल साचत नाही तेवढे किस्से साचतात. चार माणसं चहाला टेकली की कुणीतरी म्हणतं, "ते म्हशीचं सांगा की," आणि सुरुवात होते. लोक हसतात. मीही हसतो, पण माझं अर्धं लक्ष दुसरीकडं असतं. बायको म्हणते, "तुम्हाला काळजी करायचा पगार मिळतो का?" खरं सांगायचं तर हो, त्याचाच मिळतो.

दिंद्रुडच्या बाहेर, रस्त्याला लागून आमचं ब्लॉकचं यार्ड आहे. साधे ब्लॉक नाहीत, फेसाचे. सिमेंट, राख आणि पाणी कालवायचं, त्यात मशीनमधला फेस सोडायचा आणि तो माल साच्यात ओतायचा. घट्ट झाला की आत असंख्य बुडबुडे अडकलेला हलका ब्लॉक तयार होतो. जागा आणि मालकी बप्पांची. बप्पा सत्तरीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. अजूनही यार्डाच्या मागं त्यांची दहा-बारा शेरडं बांधलेली असतात. मी डिप्लोमा झालेला, म्हणून सुपरवायझर, म्हणून कागदावर सही करणारा. आणि माल कालवायला सुमनताई. ताईंनी पंधरा वर्षं ऊस तोडला. पाठीनं दगा दिला तेव्हा टोळी सोडून आमच्याकडं आल्या. नवरा अजून जातो टोळीबरोबर.

या सगळ्या किश्श्यांच्या मागं एक खोली आहे, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी मध्येच गप्प झालो तर तुम्हाला कारण कळेल. शिरूर कासारला ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींचं एक लहानसं वसतिगृह आहे. तिथल्या झोपायच्या खोलीच्या भिंती आमच्या ब्लॉकच्या. वर पत्रे, आणि पत्रे पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी कैच्या थेट भिंतीवर टेकलेल्या. ब्लॉक मजबूत असल्याच्या कागदावर सही माझी. आणि त्या खोलीत झोपणाऱ्या मुलींतली एक, सातवीतली रूपाली, सुमनताईंची.

* * *

तर ते म्हशीचं.

सुरुवातीला आमच्या ब्लॉकवर कुणाचा विश्वासच बसेना. खुद्द मालकाचा बसेना. मशीनमधून फेस निघताना बघून बप्पा म्हणाले, "सुधाकर, आपून भिंती विकायलोत का साबन?"

मग त्यांनीच डोकं चालवलं. गावातली दहा-बारा माणसं बोलावली, चार पक्के ब्लॉक मांडले, वर जाड फळी टाकली आणि फळीवर म्हैस चढवली. म्हैस शांतपणे उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं, शेपटी हलवली, फळीवर शेणसुद्धा टाकलं. ब्लॉकला केसभर चीर नाही. बप्पा असे उभे होते, जणू म्हैस त्यांनीच खांद्यावर घेतली आहे.

तेवढ्यात मागचं एक शेरडू सुटलं आणि आदल्या दिवशी साच्यातून काढलेल्या ब्लॉकवर चढलं. चारही खूर बोट-बोटभर आत. शेरडू घाबरून पुढच्या ब्लॉकवर, तिथून पुढच्या. अख्खी रांग खराब केली.

मी घाईघाईनं समजावू लागलो. म्हशीचं वजन फळीनं चारी ब्लॉकवर वाटलं गेलं. शेळीचं सगळं वजन खुराएवढ्या जागेवर आलं, तिथल्या मोजक्या बुडबुड्यांच्या भिंतींवर. शिवाय तो माल अजून कच्चा होता. लोकांनी सगळं ऐकून घेतलं. एक म्हातारबाबा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "सायेब, तुमचं समदं खरं हाय. पन आमच्या घरी म्हस न्हाई. शेरडंच हायत."

* * *

आमचा ब्लॉक पाण्यावर तरंगतो. आम्हाला त्याचं फार कौतुक. गेवराईला एका गिऱ्हाइकाकडं मी मुद्दाम ब्लॉक घेऊन गेलो होतो. अंगणात पाण्याचा हौद होता. मी जादूगारासारखा ब्लॉक पाण्यात सोडला आणि तो बदकासारखा वर राहिला.

गिऱ्हाईक बराच वेळ बघत राहिलं. त्याचं शेत गोदावरीच्या काठाला. शेवटी म्हणालं, "म्हंजे गोदावरीला पानी आलं, की माझी भिंत नांदेडला आन् मी हितंच का?"

तेव्हापासून मी कुणाला ब्लॉक तरंगवून दाखवत नाही.

* * *

सुमनताईंचा हात म्हणजे वजनकाटा. माल कालवून झाला की एक बादली भरून वजन करायचं, हा आमचा नियम. वजन बरोबर, म्हणजे आत हवा बरोबर, म्हणजे ब्लॉक बरोबर. ताई बादली नुसती उचलतात आणि आकडा सांगतात. मी काट्यावर ठेवून बघतो, तर मूठभराचाही फरक नसतो. मी एकदा विचारलं, हे कसं काय? म्हणाल्या, "पंधरा वर्सं डोक्यावर मोळी घिऊन गाडीवर चढले. वजन चुकलं आसतं तर मान मोडली आसती."

पण ताईंची एक खोड होती. तयार ब्लॉक रचताना त्या प्रत्येकावर कोयत्याच्या लाकडी मुठीनं टकटक करायच्या. तो कोयता त्यांनी टोळीतून येताना बरोबर आणलेला. एक दिवस माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, दुपारच्या ब्लॉकचा आवाज बरा न्हाई. सकाळचा खनखन वाजतो, दुपारचा बद्द वाजतो."

मी विचारलं, "वजन?"

"वजन सारखंच हाय."

"मग झालं की. आवाज मोजायचं मशीन आपल्याकडं नाही, ताई."

"कान हायत की," त्या म्हणाल्या.

मी हसलो आणि रजिस्टरमध्ये वजन लिहिलं. हा किस्सा मी पूर्वी सुमनताईंची गंमत म्हणून सांगायचो. आता सांगताना मला माझी लाज वाटते.

* * *

आमच्याकडं एक प्रथा आहे. रोज सकाळचा पहिला साचा भरला की बप्पा त्याला हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. त्या साच्यातले ब्लॉक देवाचे. विकायचे नाहीत, अशी त्यांची ताकीद. आता देवाचे ब्लॉक ठेवायचे कुठं? कोपऱ्यात रांग लागली होती. मी विचार केला, तपासणीला दर महिन्याला आठ ब्लॉक बीडच्या कॉलेजात पाठवावे लागतात. दाबाच्या मशीनखाली ते फुटणारच. मग विकाऊ माल कशाला पाठवायचा? देवाचेच पाठवू. देवालाही कामाला लावल्यासारखं होईल. महिनोन् महिने मी तेच पाठवत होतो, आणि महिनोन् महिने आमचे ब्लॉक डिस्टिंक्शनमध्ये पास होत होते.

मुली दिवाळीनंतर वसतिगृहात राहायला गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी कॉलेजातून घोडके सरांचा फोन आला. ते तिथल्या लॅबचे प्रमुख. बोलणं मिश्कील.

"सुधाकरराव, एक गंमत सांगतो. तुम्ही आठ ब्लॉक पाठवलेत. सातांना कुंकू आहे, एकाला नाही. सात पास झाले. बिनकुंकवाचा निम्म्या दाबालाच फुटला. हा कुंकवाचा गुण समजायचा का?"

मीही हसलो. म्हणालो, "सर, बिनकुंकवाचा माझ्याकडून गेलाच नाही. मी फक्त पहिल्या साच्यातले पाठवतो."

मग सरांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे आजपर्यंतचे सगळे नमुने दिवसाच्या पहिल्या साच्यातलेच होते?"

वसतिगृहाच्या कागदावरची माझी सही डोळ्यांसमोर आली, तारखेसकट.

फोन ठेवून मी बाहेर आलो. बिनकुंकवाचा ब्लॉक कुणी घातला, हे विचारायची गरजच नव्हती. सुमनताई मिक्सरपाशी उभ्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडं बघून कोयता खाली ठेवला.

"तुमी ऐकंना गेलते," त्या म्हणाल्या. "म्हनून म्या मशीनला इचारलं."

बप्पांना सगळी हकिगत सांगितली. ते गंभीर झाले. बराच वेळ दाढी खाजवली. मग म्हणाले, "त्यात काय यवडं? उद्यापासून समद्यानलाच कुंकू लावू."

* * *

दुसऱ्या दिवशी ताईंना घेऊन मी बीडला गेलो. सकाळचा एक आणि दुपारचा एक, असे दोन ब्लॉक बरोबर, आणि ताईंच्या हातात त्यांचा कोयता. वजन काट्यावर अगदी सारखं.

घोडके सरांनी दोन्ही ब्लॉक करवतीनं मधोमध कापले. कपाटातून गुलालाची पुडी काढली, कापलेल्या तोंडांवर चोळला आणि वरचा फडक्यानं पुसून घेतला. भोकांत बसला तेवढा गुलाल राहिला. सकाळच्या ब्लॉकवर बारीक रव्यासारखे ठिपके, सगळीकडं. दुपारच्यावर हरभऱ्याएवढे, काही ठिकाणी तीन-चार एकमेकांत मिसळून लांबट झालेले.

"हवा दोन्हीत तेवढीच आहे," सर म्हणाले. "म्हणून तुमचा काटा फसला. दुपारी काय करता तुम्ही?"

मी आठवू लागलो. ताईंनी लगेच सांगितलं, "जेवतो. माल कालवून ठिवतो, मिक्सर बंद करतो, भाकर खातो, मंग वततो."

झालं. आमची अर्ध्या-पाऊण तासाची जेवणाची सुट्टी. तेवढ्या वेळात मिक्सरमधले लहान बुडबुडे फुटून मोठ्यांत मिसळत होते. हवा कुठंच गेली नव्हती, तिची मांडणी बदलली होती. कुणी चोरी केली नाही, कुणी सिमेंट खाल्लं नाही. आम्ही नुसती भाकरी खाल्ली. ते जास्त जिव्हारी लागलं.

सरांनी पेन्सिलीनं दाखवलं. वरून भार आला की तो सगळीकडं सारखा जात नाही. बुडबुड्यांच्या मधल्या पातळ भिंतींतून वाट काढत खाली उतरतो. काही भिंतींवर भलताच ताण येतो, काहींवर काहीच येत नाही, त्या नुसत्या उभ्या असतात. सकाळच्या ब्लॉकमध्ये अशा वाटा पुष्कळ. एक तुटली तर भार दुसरीनं जातो. दुपारच्यात वाटा मोजक्याच. एक भिंत गेली की तिचं ओझं शेजारणीवर, मग तीही जाते.

मला हे डिप्लोमाला कुणी शिकवलं नव्हतं. मी मान हलवत होतो, पण डोक्यात पुरतं शिरत नव्हतं. ताई मात्र गुलालाकडं बघत म्हणाल्या, "आमच्या टोळीवानी झालं की हे. मुकादम वीस कोयते मोजायचा. खरं वढनारे सा-सातच. त्यातलं एक आजारी पडलं, की दोन दिसात दुसरं पडायचं, आन् मंग समदी टोळी बसायची."

सरांनी पेन्सिल ठेवली. "बाई," ते म्हणाले, "एवढं सांगायला मला एक तास लागतो."

मी विचारलं, "सर, त्या खोलीच्या भिंतीत सकाळचे कुठले आणि दुपारचे कुठले, हे आता कसं ओळखायचं?"

सरांनी फक्त ताईंच्या हातातल्या कोयत्याकडं बघितलं.

* * *

तिथूनच निघून शिरूर कासारला पोचलो तेव्हा मुली शाळेत होत्या. वसतिगृह सांभाळणाऱ्या सोनवणे मॅडम दारात आल्या. मला सांगायचं होतं, सगळं खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं, "रूटीन तपासणी आहे, मॅडम."

"अगं बाई, किती काळजी घेता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडं बांधून गेलेला माणूस परत कधी दिसत नाही." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ताईंनी भिंतीला कान लावला आणि कोपऱ्यापासून एकेका ब्लॉकवर टकटक सुरू केली. वर गिलावा नव्हता, नुसता चुना होता, ते एक बरं. बद्द वाजला की खडूनं फुली. मी कागदावर भिंतीचा नकाशा काढत होतो. तास-दीड तास गेला. तेवढ्यात शाळा सुटली आणि खोली मुलींनी भरली.

पाच मिनिटांत सगळ्या मुली भिंतींना कान लावून उभ्या. कुणी पट्टीनं वाजवतंय, कुणी बांगडीनं. रूपाली सगळ्यांना शिकवत होती, "आसं न्हाई, मूठ सैल धर." आणि खरंच सांगतो, त्यांना आवाज ओळखता यायला लागले. "सर, हा बद्द हाय," करत मला भिंतभर पळवायला लागल्या. मॅडम कौतुकानं बघत होत्या. म्हणाल्या, "छान विज्ञानाचा तास झाला आज."

एक चिमुरडी फुली घातलेल्या ब्लॉकसमोर उभी राहिली. तिनं बोटानं फुली चाचपली आणि विचारलं, "सर, ह्यो नापास झाला का?"

"नाही गं," मी म्हणालो. "तो नंबर आहे."

ताईंनी माझ्याकडं वळून बघितलं.

* * *

परत येताना पिकअपमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बीडला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "कावून सांगितलं न्हाई तुमी?"

"ताई, मॅडम घाबरतील. आधी नक्की कळू द्या. उगीच सगळ्यांच्या जिवाला घोर."

"तुमच्या जिवाला लागला तेवडा बास हाय का मंग?"

मी खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. कुंकू, जेवणाची सुट्टी, माझी सही, खडूच्या फुल्या. मागून ट्रक जात होते म्हणून दोनदा ओरडून सांगावं लागलं. माझ्याच चुकीची रस्त्यावर उभं राहून दवंडी दिल्यासारखं वाटलं.

मला वाटलं त्या रागावतील. मी त्याची तयारी ठेवली होती. पलीकडून त्यांनी कागद-पेन घेतल्याचा आवाज आला.

"मुली कुठल्या खोलीत न्यायच्या, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "रागवायचं नंतर बघते."

रात्री झोपायच्या आत सगळ्या मुली गाद्यांसकट शाळेच्या दोन वर्गांत गेल्या होत्या.

* * *

यार्डात त्या आठवड्यात बप्पांनी नवा नियम काढला. मिक्सर रिकामा झाल्याशिवाय कुणी भाकरी सोडायची नाही. पहिल्याच दिवशी मिक्सर बिघडला. दुरुस्त होईपर्यंत तीन वाजले, आणि तो माल सगळा फेकून द्यावा लागला. बप्पा भुकेनं कासावीस. मी म्हटलं, "बप्पा, तुम्ही मालक आहात, तुम्ही जेवा." तर म्हणाले, "न्हाई बे. नियम म्या केलाय. मोडायचा आसता तर तुला करू दिला आसता."

तपासणीचे ब्लॉक आता चिठ्ठी टाकून निवडतात. पहिल्या साच्याला कुंकू अजून लागतंच.

* * *

घोडके सर स्वतः शिरूर कासारला आले. बरोबर बप्पाही होते. सरांनी भिंतीतून वाटीएवढ्या तोंडाचे गोल तुकडे काढून नेले, काही फुलीचे, काही बिनफुलीचे. आठ दिवसांनी परत आले आणि त्याच खोलीत आम्हा सगळ्यांसमोर नकाशा पसरून बसले.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "बाईंची फुली एकदाही चुकली नाही."

ताईंनी पदर सारखा केला. त्यांना त्यात कौतुक दिसलं नसावं. त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"दुसरी. भिंतीचंही ब्लॉकसारखंच असतं. खराब ब्लॉक लांब लांब असले तर आजूबाजूचे चांगले त्यांचा भार उचलतात. एका जागी गोळा झाले तर मात्र भीती." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. फुल्या बहुतेक ठिकाणी सुट्या सुट्या पडल्या होत्या. गाडीत चढवताना, उतरवताना माल आपोआप मिसळला होता, आमचा त्यात काही शहाणपणा नव्हता. पण उत्तरेच्या भिंतीत, तिसऱ्या कैचीच्या बरोबर खाली, चार फुल्या एकावर एक होत्या.

मी विचारलं, "तिथं कुणाची जागा होती?"

मॅडमनी सांगायला तोंड उघडलं, पण ताईंनी हात वर केला. "कुनाची का आसंना," त्या म्हणाल्या. "कुनाची तरी व्हतीच की."

बप्पा म्हणाले, "आख्खी खोली पाडतो आन् पुन्ना बांधतो. माझ्या जिवाला चैन न्हाई." सरांनी त्यांना समजावलं, की बाकीची भिंत व्यवस्थित भार घेते आहे, पाडण्याची गरज नाही. मग जॅक लावून कैची उचलून धरली, ते चार ब्लॉक काढले आणि तिथं सकाळच्या मालाचे, मशीनखाली तपासलेल्या साच्यातले ब्लॉक बसवले. गवंडी काम करत होता आणि मी त्याच्या मागं उभा. तिसऱ्यांदा त्यानं हात थांबवला आणि म्हणाला, "सायेब, तुमी जरा भाईर बसा. तुमच्या श्वासानं शिमिट वाळायलंय."

* * *

शेवटचा किस्सा अगदी छोटा आहे.

मुलींना परत आणायचा दिवस. भर दुपार. सरांचा रिपोर्ट माझ्या हातात, खाली त्यांची सही, तिच्याखाली माझी. या वेळी सही करायला मला तीन दिवस लागले होते. मुली गाद्या आणि पेट्या घेऊन व्हरांड्यात ओळीनं उभ्या. सोनवणे मॅडम दारात. त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि न वाचता मला परत दिला.

"सर, मागच्या वेळीही कागद होता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होतं. "मला साधं सांगा. मुली इथं झोपल्या तर चालेल का?"

मी सुरुवात केली. म्हणालो, पत्रा आणि कैची मिळून एवढा भार, भिंतीची ताकद त्याच्या कितीतरी पट, शिवाय खालचे चार ब्लॉक बदलले. मॅडम ऐकत होत्या. व्हरांड्यातल्या मुली ऐकत होत्या. माझं वाक्य संपेना. मला हो म्हणायचं होतं, आणि सगळं तपासलेलं असूनही तो एक शब्द तोंडातून फुटेना.

सुमनताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ओळीतल्या पहिल्या मुलीच्या हातातली गोधडी घेतली, आत गेल्या आणि उत्तरेच्या भिंतीला लागून, तिसऱ्या कैचीच्या खाली अंथरली. चपला काढून बाजूला ठेवल्या. भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

मला वाटलं, दाखवायला झोपल्या आहेत, आता उठतील. आम्ही वाट बघत उभे राहिलो. दोन मिनिटं झाली, पाच झाली. मग घोरण्याचा आवाज यायला लागला.

मॅडमनी मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. मुली एकेक करून आत आल्या. पायातल्या चपला हातात, पेट्या उचलून धरलेल्या, जमिनीला टेकवताना आवाज होऊ नये म्हणून दोघी-दोघी मिळून ठेवत होत्या. आपापल्या जागी बसल्या. कुणी कुजबुजलंसुद्धा नाही.

रूपाली शेवटी आली. आईच्या उशाशी उभी राहिली, जरा वेळ बघत राहिली, मग माझ्याजवळ आली.

"सर," ती हळूच म्हणाली, "मम्मी दिवसा कदीच झोपत न्हाई."